शेल स्क्रिप्टच्या साहाय्याने डेटाबेस सर्व्हरचे प्रारंभीकरण व उन्नयन : पोस्टग्रेसक्यूएलच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : डेटाबेस सर्व्हर, शेल स्क्रिप्ट, प्रारंभीकरण, आवृत्ती-उन्नयन, देवनागरी संकेतन, पोस्टग्रेसक्यूएल

प्रस्तावना :

महाविद्यालयातील प्रवेश, अंतर्गत गुण, ग्रंथालयातील देवघेव आणि ऑनलाइन अध्यापन यांच्या नोंदी आता कपाटातील दप्तरांपेक्षा डेटाबेस सर्व्हरमध्ये अधिक प्रमाणात राहतात. या प्रणालींची निवड कशी करावी आणि त्यांचा अध्यापनात उपयोग कसा करावा, यांवर परिसंवाद होतात. परंतु ज्या सर्व्हरवर त्या उभ्या असतात तो प्रथम कसा सिद्ध केला जातो आणि काही वर्षांनी नव्या आवृत्तीवर कसा नेला जातो, हा विषय बहुधा संगणक विभागातील एखाद्या जाणकाराच्या स्मरणशक्तीवर सोपवलेला असतो. तो जाणकार अन्यत्र गेला की त्याने टंकलिखित केलेल्या आज्ञाही त्याच्याबरोबर जातात. शेल स्क्रिप्ट ही त्या आज्ञांची लेखी, पुन्हा चालवता येणारी नोंद होय.

प्रस्तुत लेखात पोस्टग्रेसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेसच्या आधारे या प्रक्रियेचे विवेचन केले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली १९८६ मध्ये सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रकल्पापासून ही प्रणाली विकसित झाली आणि १९९६ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. मूडल ही अध्यापन प्रणाली या डेटाबेसवर चालू शकते. मूडलच्या नव्या आवृत्त्या वेळोवेळी डेटाबेसची किमान आवृत्तीही वाढवीत असल्यामुळे उन्नयनाचा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयाला फार काळ टाळता येत नाही.

प्रारंभीकरण म्हणजे नेमके काय :

डेटाबेसचे सॉफ्टवेअर संगणकावर चढविणे आणि डेटाबेस सर्व्हर सिद्ध करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये दुसरे काम 'इनिटडीबी' ही आज्ञा करते. ती एका रिकाम्या डिरेक्टरीत आवश्यक फाइलींची मांडणी करते, प्रणालीच्या अंतर्गत सूचीतक्त्यांची निर्मिती करते, 'टेम्प्लेट०', 'टेम्प्लेट१' व 'पोस्टग्रेस' हे तीन डेटाबेस तयार करते आणि 'पीजी_व्हर्जन' नावाची एक छोटी फाइल लिहिते. या फाइलीत मुख्य आवृत्तीच्या क्रमांकाखेरीज काहीही नसते. पुढील विवेचनात या क्षुल्लक वाटणाऱ्या फाइलीचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

'इनिटडीबी' काही बाबतींत कडक आहे. ती 'रूट' या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे चालण्यास नकार देते आणि डिरेक्टरी रिकामी नसल्यास थांबते. मात्र काही बाबतींत ती अतिशय उदारही आहे. कोणताही पर्याय दिला नाही तर ती स्थानिक जोडणीसाठी 'ट्रस्ट' ही पद्धत स्वीकारते. म्हणजे त्या संगणकावरील कोणीही परवलीच्या शब्दाशिवाय डेटाबेसच्या प्रमुखाचे नाव सांगून आत येऊ शकतो. याबद्दलची ताकीद पडद्यावर उमटते. परंतु स्वयंचलित स्क्रिप्टच्या बाबतीत तो पडदा पाहणारे कोणीच नसते. माणसाने काम करताना ज्या सूचना वाचल्या असत्या त्या सर्वांची उत्तरे आधीच ठरवून लेखी द्यावी लागतात, ही स्वयंचलनाची पहिली अट होय. प्रमाणीकरणाची पद्धत, प्रमुखाच्या परवलीच्या शब्दाची फाइल, संकेतन, लोकॅल आणि पृष्ठांची बेरीज-तपासणी या पाच गोष्टी स्क्रिप्टमध्ये स्पष्टपणे नमूद असाव्यात. यांपैकी बेरीज-तपासणीची सोय २०१३ मधील ९.३ या आवृत्तीत आली आणि २०२५ मधील आवृत्ती १८ पासून ती आपोआप चालू असते.

देवनागरी मजकूर आणि परिवेशाचा परिणाम :

वरील पाच बाबींपैकी संकेतन आणि लोकॅल या दोन बाबी मराठी मजकूर साठविणाऱ्या संस्थांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या असून त्यांचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. पर्याय दिला नाही तर 'इनिटडीबी' हे दोन्ही निर्णय ज्या परिवेशात ती चालते त्या परिवेशावरून घेते. प्राध्यापकाने स्वतःच्या खात्यातून आज्ञा दिली तर तेथे भाषेची मांडणी बहुधा यूटीएफ-८ असते. तीच आज्ञा क्रॉनमधून किंवा एखाद्या अत्यल्प सामग्रीच्या कंटेनरमधून चालली तर भाषा-निर्देशक चल रिक्त असू शकतो. अशा वेळी लोकॅल 'सी' धरले जाते आणि त्यावरून संकेतन 'एसक्यूएल_आस्की' ठरते. आज्ञा यशस्वी होते, सर्व्हर सुरू होतो, मराठी मजकूर साठतो आणि परतही मिळतो. काही बिघडले आहे असे कोणालाही वाटत नाही.

दोष लपलेला असतो तो असा. 'एसक्यूएल_आस्की' या मांडणीत सर्व्हर अक्षरे ओळखत नाही, केवळ बाइट मोजतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत. यूटीएफ-८ डेटाबेस या शब्दाची लांबी ५ सांगतो, तर 'एसक्यूएल_आस्की' डेटाबेस १५ सांगतो. विद्यार्थ्याच्या नावासाठी तीस अक्षरांचा रकाना ठेवला असेल तर त्यात देवनागरीची प्रत्यक्षात दहाच चिन्हे मावतात. काना-मात्रा आणि हलन्तही चिन्हांतच मोजले जात असल्याने मध्यम लांबीचे नाव आणि आडनाव मिळून त्यात बसत नाही. याहून गंभीर बाब अशी की, आत येणारा मजकूर वैध यूटीएफ-८ आहे किंवा नाही याची तपासणीच होत नाही. महाराष्ट्रातील अनेक कार्यालयांत युनिकोडपूर्व काळातील फाँट-आधारित मराठी फाइली आजही आढळतात. त्यांतील मजकूर आणि युनिकोड मजकूर एकाच तक्त्यात शेजारी शेजारी जाऊन बसतात व सर्व्हर तक्रार करीत नाही. पुढे कधीतरी यूटीएफ-८ डेटाबेसमध्ये स्थलांतर करताना मात्र अवैध बाइटक्रमाची त्रुटी दाखवून काम अडते. एकदा निर्माण झालेल्या डेटाबेसचे संकेतन जागच्या जागी बदलता येत नाही. सर्व मजकूर बाहेर काढून, तपासून, नव्या डेटाबेसमध्ये भरणे हाच उपाय उरतो. स्क्रिप्टमधील एका शब्दाच्या अभावाची ही किंमत आहे.

लोकॅलचा संबंध वर्णक्रमाशी येतो. 'सी' लोकॅलमध्ये क्रम युनिकोडच्या संकेतांकांनुसार लागतो. त्या तक्त्यात 'ळ' हे अक्षर 'ल'च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ते 'ह'नंतर येते. 'क्ष' आणि 'ज्ञ' ही जोडाक्षरेही शेवटी न राहता 'क' आणि 'ज' यांच्या गटांत जातात. ग्रंथालयाच्या लेखकसूचीत हा फरक तत्काळ जाणवतो. ९.१ या आवृत्तीपासून रकान्यानुसार वर्णक्रम ठरविता येतो आणि २०२२ मधील आवृत्ती १५ पासून संपूर्ण डेटाबेससाठी आयसीयू या ग्रंथालयाचा वर्णक्रम निवडता येतो. निर्णय कोणताही घेतला तरी तो स्क्रिप्टच्या मजकुरात दिसला पाहिजे.

दुसऱ्यांदा चालविली असता :

प्रारंभीकरणाची स्क्रिप्ट एकदाच चालेल असे गृहीत धरता येत नाही. वीज जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो, कंटेनर बदलला जातो. यास्तव स्क्रिप्टने प्रथम 'काम आधीच झाले आहे काय' हे पाहावे लागते. पोस्टग्रेसक्यूएलच्या डॉकर प्रतिमेतील आरंभ-स्क्रिप्ट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ती 'पीजी_व्हर्जन' ही फाइल अस्तित्वात असून रिकामी नाही ना, हे तपासते. फाइल असेल तर प्रारंभीकरणाचा सर्व भाग ओलांडून सर्व्हर सुरू करते. नसेल तर 'इनिटडीबी' चालविते, बाहेरची कोणतीही जोडणी न स्वीकारणारा तात्पुरता सर्व्हर उभा करते, ठरावीक डिरेक्टरीतील शेल व एसक्यूएल फाइली क्रमाने चालविते आणि तो बंद करून खरा सर्व्हर सुरू करते. अर्धवट सिद्ध झालेल्या डेटाबेसशी कोणी जोडले जाऊ नये, ही त्यामागील दक्षता आहे.

या रचनेतही एक उणीव आहे आणि तिच्या दस्तऐवजात ती मान्य केलेली आहे. तक्ते निर्माण करणाऱ्या चार फाइलींपैकी तिसरी फाइल चुकली तर प्रक्रिया थांबते. पुढच्या वेळी मात्र 'पीजी_व्हर्जन' आढळल्यामुळे सर्व्हर थेट सुरू होतो आणि उरलेल्या फाइली कधीच चालत नाहीत. म्हणजे खूण प्रारंभाची आहे, समाप्तीची नाही. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने सर्व टप्पे पूर्ण झाल्यावरच लिहिली जाणारी वेगळी खूणफाइल ठेवली तर हा दोष टळतो. एकाच वेळी दोन प्रती चालू नयेत म्हणून 'एफलॉक' या आज्ञेने कुलूप लावणेही इष्ट ठरते.

शेलचा स्वभाव :

स्टीफन बोर्न यांची शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आली व ब्रायन फॉक्स यांची बॅश १९८९ मध्ये. माणूस समोर बसून काम करीत आहे, हे या शेलच्या घडणीतील गृहीतक आहे. त्यामुळे एक आज्ञा चुकली तरी शेल पुढील आज्ञेकडे जाते. डेटाबेसच्या कामात हा स्वभाव घातक ठरतो. म्हणून स्क्रिप्टच्या आरंभी चूक होताच थांबण्याचा आणि अनिश्चित चल आढळल्यास थांबण्याचा असे दोन निर्देश दिले जातात. दुसऱ्या निर्देशाचे महत्त्व २०१५ मध्ये लिनक्सवरील स्टीम या खेळ-वितरण सॉफ्टवेअरच्या घटनेत दिसून आले. त्याच्या स्क्रिप्टमधील डिरेक्टरीचा चल रिक्त राहिला व 'या डिरेक्टरीतील सर्व काही पुसा' या आज्ञेचा अर्थ मूळ डिरेक्टरीपासून सर्व काही पुसा असा झाला. तेथे चलाला मूल्य होते, पण ते रिक्त होते, हेही ध्यानात घ्यावे. असा चल केवळ अनिश्चित-चलाच्या निर्देशाने पकडला जात नाही, रिक्ततेचीही तपासणी वेगळी करावी लागते.

तिसरी अडचण पाईपची आहे. डेटाबेसची संपूर्ण प्रत काढून ती संपीडित करण्यासाठी 'पीजी_डंपऑल' आणि 'जीझिप' या आज्ञा पाईपने जोडल्या जातात. शेल अशा जोडणीचे यशापयश शेवटच्या आज्ञेवरून ठरविते. पहिली आज्ञा निष्फळ झाली तरी दुसरी रिकाम्या प्रवाहाचे यशस्वीपणे संपीडन करते आणि रोज रात्री काही बाइटांची एक निरुपयोगी फाइल जमा होत राहते. बॅशमधील 'पाईपफेल' हा निर्देश यावर उपाय आहे. तो पॉसिक्स मानकात २०२४ मध्येच समाविष्ट झाला, त्यामुळे डॅशसारख्या शेलच्या जुन्या आवृत्त्यांत तो गृहीत धरता येत नाही. 'पीएसक्यूएल' या आज्ञेचेही असेच आहे. फाइलीतील एखादे विधान चुकले तरी ती पुढे जाते आणि शेवटी यशाचा संकेत देते; 'ऑन_एरर_स्टॉप' हा चल चालू केल्यासच ती थांबून ३ हा संकेतांक परत करते. सर्व्हर सुरू होण्यासाठी दहा सेकंद झोपणाऱ्या स्क्रिप्टही पुष्कळ दिसतात. त्याऐवजी 'पीजी_इजरेडी' या आज्ञेने विचारणा करीत राहणे केव्हाही श्रेयस्कर, कारण जुन्या यंत्रावर दहा सेकंद पुरत नाहीत.

आवृत्ती-उन्नयन :

पोस्टग्रेसक्यूएलच्या दुय्यम आवृत्त्यांत साठवणुकीची रचना बदलत नाही. नवे सॉफ्टवेअर चढवून सर्व्हर पुन्हा सुरू केला की पुरते. मुख्य आवृत्ती बदलताना मात्र अंतर्गत सूचीतक्त्यांची रचना बदलते व नवा सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी स्वीकारीत नाही. तो 'पीजी_व्हर्जन' वाचून स्पष्ट नकार देतो. हा नकार म्हणजे संरक्षण आहे. कंटेनरच्या मांडणीत आवृत्ती 'नवीनतम' अशी मोघम लिहिल्यामुळे एखाद्या सकाळी हा नकार अनपेक्षितपणे समोर येतो आणि घाईत डिरेक्टरी रिकामी करण्याचा मोह होतो. नव्याने प्रारंभीकरण झालेला सर्व्हर मग निर्विघ्न सुरू होतो, फक्त आत विद्यार्थी नसतात.

उन्नयन मुख्य की दुय्यम हे स्क्रिप्टने ओळखणे वाटते तितके सोपे नाही. २०१७ पूर्वी ९.५ वरून ९.६ हा मुख्य बदल होता. त्या वर्षी आलेल्या आवृत्ती १० पासून पहिला अंक तेवढा मुख्य ठरतो. शिवाय शेल दोन क्रमांकांची तुलना मजकूर म्हणून करीत असेल तर ९.६ हे १० पेक्षा मोठे ठरते, कारण ९ हा अंक १ नंतर येतो. सर्व्हरकडून आवृत्तीचा पूर्णांक मागून घेणे हा यावरील निर्धोक मार्ग आहे. ९.६.२४ साठी तो ९०६२४ आणि १०.२३ साठी १०००२३ असा मिळतो व तुलना अचूक होते.

पूर्वी संपूर्ण मजकूर बाहेर काढून पुन्हा भरणे हाच मार्ग होता. ब्रूस मॉमजियन यांच्या 'पीजी_मायग्रेटर'पासून घडलेली 'पीजी_अपग्रेड' ही सुविधा २०१० मधील ९.० या आवृत्तीबरोबर उपलब्ध झाली. तिचे तत्त्व असे : वापरकर्त्याच्या तक्त्यांच्या फाइलींची रचना क्वचितच बदलते, म्हणून केवळ आराखडा नव्या सर्व्हरमध्ये पुन्हा उभारावा आणि मजकुराच्या फाइली तशाच उचलून द्याव्यात. फाइली देण्याच्या पद्धतींत प्रत काढणे ही मूळ पद्धत आहे. दुवा जोडण्याच्या पद्धतीत प्रत न होता त्याच फाइलींना दुसरे नाव मिळते. काम अल्पावधीत होते, पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. परतीचा रस्ता हवा असलेल्या संस्थेने चकतीवर दुप्पट जागा ठेवून प्रतीचीच पद्धत वापरावी. महाविद्यालयाचा डेटाबेस सहसा इतका मोठा नसतो की वाचलेल्या काही मिनिटांसाठी ही हमी सोडावी.

स्क्रिप्टमध्ये या आज्ञेचा तपासणी-पर्याय प्रथम चालवावा. जुना सर्व्हर चालू असतानाही तो चालतो आणि नव्या बाजूला न चढविलेल्या विस्तार-ग्रंथालयांसारख्या उणिवा दाखवून देतो. दोन्ही बाजूंचे संकेतन व लोकॅल जुळणे हीही अट आहे. आवृत्ती १६ पासून ही जुळणी आज्ञा स्वतः करून घेते. बेरीज-तपासणीची स्थिती दोन्हींकडे सारखी असावी लागते, त्यामुळे तपासणी बंद असलेल्या जुन्या सर्व्हरवरून आवृत्ती १८ कडे जाताना ती नव्या बाजूलाही बंद ठेवून प्रारंभीकरण करावे लागते किंवा जुन्या बाजूला आधी चालू करावी लागते. जोडण्यांचे नियम आणि सर्व्हरची मांडणी यांच्या फाइली आपोआप येत नाहीत, त्या स्क्रिप्टने न्याव्यात. आवृत्ती १८ पूर्वी प्रश्न-नियोजकाची सांख्यिकी नव्या बाजूला येत नसे. ती तयार न करता प्रणाली खुली केली तर उन्नयनानंतर सर्व काही मंद झाल्याची तक्रार येते.

(मायएसक्यूएलने वेगळा मार्ग घेतला आहे. तेथे २०१९ मधील ८.०.१६ पासून अंतर्गत तक्त्यांचे उन्नयन सर्व्हर स्वतःच सुरू होताना करतो. सोय मोठी आहे, पण निर्णयाचा क्षणही त्यामुळे अदृश्य होतो.)

कार्यप्रणालीचे उन्नयन हेही डेटाबेसला बाधू शकते. ग्लिबसी या मूलभूत ग्रंथालयाच्या २०१८ मधील २.२८ या आवृत्तीत वर्णक्रमाची सामग्री मोठ्या प्रमाणात बदलली आणि डेबियन १० व रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ यांच्याबरोबर २०१९ मध्ये ती सर्वत्र पोहोचली. मजकुरावरील अनुक्रमणिका जुन्या क्रमाने रचलेल्या, शोध मात्र नव्या क्रमाने, अशी स्थिती झाल्यास अस्तित्वात असलेली नोंद सापडत नाही किंवा एकमेव असायला हवी अशी नोंद दोनदा शिरते. डेटाबेसची आवृत्ती बदललेली नसल्यामुळे संशयही येत नाही. कार्यप्रणाली बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मजकुराच्या अनुक्रमणिका पुन्हा रचण्याचा टप्पा म्हणूनच आवश्यक आहे.

२०१७ ची एक घटना :

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब डॉट कॉम या सेवेत घडलेला प्रकार कंपनीने स्वतःच तपशीलवार प्रसिद्ध केला. दुय्यम सर्व्हर मुख्य सर्व्हरच्या मागे पडल्याने त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करून नव्याने प्रत घेण्याचे काम एक अभियंता हाताने करीत होता. प्रत घेणारी आज्ञा काहीच न दाखवता थांबून राहिली. प्रत्यक्षात ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत होती. डिरेक्टरीत काही उरले असावे असे समजून ती पुसण्याची आज्ञा देण्यात आली, परंतु ती मुख्य सर्व्हरवर. आज्ञा लगेच थांबवूनही सुमारे ३०० जीबी मजकूर गेला होता.

राखीव प्रतींचा शोध घेता असे आढळले की रोज चालणारी प्रत-स्क्रिप्ट बरेच दिवस निष्फळ होत होती. डेटाबेस ९.६ चा होता, पण स्क्रिप्ट 'पीजी_डंप'ची ९.२ आवृत्ती वापरीत होती आणि आपल्याहून नव्या सर्व्हरची प्रत घेण्यास ही आज्ञा नकार देते. ९.२ का निवडली गेली? कोणती आवृत्ती वापरायची हे डेटा डिरेक्टरीतील 'पीजी_व्हर्जन' पाहून ठरत असे. प्रतीचे काम ज्या सर्व्हरवर चाले तेथे डेटा डिरेक्टरीच नव्हती, म्हणून मूळची ९.२ धरली गेली. अपयशाची सूचना ई-मेलने जात असे. पण आवश्यक स्वाक्षरीअभावी ती पत्रे नाकारली जात होती. अखेर एका अभियंत्याने अन्य कारणासाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या प्रतीवरून सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळातील सुमारे ५००० प्रकल्पांतील बदल, ५००० टिप्पण्या व ७०० नवी खाती गेली.

हाताने केलेली चूक एका क्षणाची होती. स्क्रिप्टमधील दोष मात्र कित्येक रात्री त्याच निष्ठेने पुन्हा पुन्हा घडत राहिला. प्रत-स्क्रिप्टने निर्माण झालेल्या फाइलीचा आकार तपासला असता, किंवा आठवड्यातून एकदा ती प्रत वेगळ्या सर्व्हरवर भरून तक्त्यांतील नोंदी मोजल्या असत्या, तर आवृत्तीचा विसंवाद आधीच उघड झाला असता. विनाशक आज्ञेपूर्वी यजमान संगणकाचे नाव तपासणारी एक ओळही येथे पुरेशी होती.

जुनी डिरेक्टरी :

'पीजी_अपग्रेड' स्वतःचे काम संपल्यावर एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहून ठेवते. तिच्या नावातच जुना संच पुसण्याचा निर्देश आहे. आज्ञा ती लिहिते, पण चालवीत नाही. प्रशासकाच्या स्वतःच्या स्क्रिप्टनेही हा संयम पाळावा. महाविद्यालयाच्या संदर्भात प्रतीच्या पद्धतीने उन्नयन झाले असेल तर किमान एक अंतर्गत परीक्षा, तिची गुणनोंद आणि विद्यापीठाकडे पाठवायचा तक्ता नव्या सर्व्हरवरून निघेपर्यंत जुनी डिरेक्टरी जागेवर राहू द्यावी. त्यानंतर ताज्या राखीव प्रतीची चाचणी करून ती पुसण्याची स्क्रिप्ट क्रॉनमधून नव्हे, तर जबाबदार व्यक्तीने समोर बसून, पूर्ण मार्ग वाचून चालवावी.